उजवी बाजू

अकरा सीझन मी पोतनीसची पाठ पाहिली.
चेहरा विचाराल तर आठवून सांगावा लागेल,
पाठ मात्र डोळे मिटून:
तीनच्या आकड्याचं खालचं टोक उसवलेलं,
त्याला वहिनींनी घातलेले जांभळ्या दोऱ्याचे टाके,
आणि मे महिन्यात, कंपूच्या मैदानावर,
खांद्यापासून उतरत जाणारा घामाचा नकाशा,
हाफटाईमपर्यंत कमरेला पोचलेला.

मी मिलच्या टीमचा गोली.
तो माझ्या पुढे, जरा उजवीकडे. राईट बॅक.

लोक यायचे ते आमच्या सुभानला बघायला.
चेंडू स्टिकला चिकटवून पळायचा तो.
फालका बाजारातला हलवाई दुकान पोरावर टाकून यायचा,
नुसता त्याचा एक ड्रिबल बघायला.
पोतनीसला बघायला कोणी आलं नाही.
आई आली होती एकदा.
परतताना म्हणाली, "अनंता, तू खेळलास का रे?"

खेळला होता.
भोपाळचा लेफ्ट विंगर, हरणाच्या पायांचा,
सत्तर मिनिटं अंगावर येत होता
आणि हा अंगावर जातच नव्हता.
नुसता मागे सरकायचा, अर्धं पाऊल, अर्धं पाऊल,
वर्गणी मागायला आलेल्यांना
बोलण्यात गुंतवत फाटकापर्यंत सोडून यावं, तसा.
आतली वाट बंद. बाहेरची उघडी, जाणूनबुजून.
जा बाबा, तिकडे जा, उलट्या हातावर जा,
चुन्याच्या रेषेला पाय लागेतो जा.
तिथे कोन संपायचा.
मग वैतागून मारलेला फटका
माझ्या पॅडवर यायचा,
पत्ता घातलेल्या पोस्टकार्डासारखा.

मी उडी मारायचो. गरज नसताना.
दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात मथळा:
'टोकेकर बने दीवार.'
ते कात्रण पोतनीसनंच आणून दिलं,
पट्टी लावून, कडा सरळ कापून.
मी फ्रेम केलं.

एकदा त्याला कावीळ झाली. झाशीचा दौरा त्याच्याविना.
किती गोल खाल्ले ते सोडा,
मैदानच एकाएकी रुंद झालं होतं.

आणि त्याला आठवतो तो एकच गोल.
सेमीफायनल, शेवटची चार मिनिटं.
"आतून गेला रे," अजून म्हणतो, बशीतल्या चहाकडे बघत,
"अर्धं पाऊल उशीर झाला."

आतून गेला, खरं आहे.
पण याची स्टिक लागली होती ना त्याला.
चेंडू मेल्यासारखा येत होता,
शाळेतल्या पोरानं चपलेनं अडवला असता.
मी आधीच हवेत होतो.
गोलमागे त्या दिवशी फोटोवाला बसला होता.
चेंडू माझ्या खालून गेला, जमिनीलगत,
सावकाश,
कुणाची परवानगी घेत असल्यासारखा.

चाळीस वर्षं. मी बोललो नाही.

संध्याकाळी आम्ही महाराज बाड्यावरून चालत येतो.
तो माझ्या उजवीकडे, रहदारीच्या अंगाला.
टेम्पो, ई-रिक्षा, एक मोकाट सांड,
सगळ्यांना कोपरानंच, न बघता,
बाहेर, आणखी बाहेर.
आज सांगायचंच, म्हणून मी घसा खाकरला.
"अनंता, तो सेमीफायनलचा..."
तेवढ्यात सराफ्याच्या वळणावर
एक मोटरसायकल आत घुसली
आणि पोतनीस अर्धं पाऊल पुढे सरकला.

पुन्हा पाठ.
राखी स्वेटर, खांद्यात जरा वाकलेला,
कॉलरपाशी उसवलेला. टाका घालायला आता घरात कोणी नाही.

मोटरसायकलवाला बाहेरून गेला,
आम्हा दोघांना शिव्या घालत.